सपोर्ट गाडी

रविवार, १५ एप्रिल २०१८, न्यूनेन

नाताळच्या खोक्यात कंपनीने चीज, दोन मेणबत्त्या आणि ही वही दिली होती. चीज संपलं, मेणबत्त्या वीणाने कोणाला तरी देऊन टाकल्या, वही उरली. हॉलंडमधले शेवटचे चार महिने हिच्यात लिहून काढायचे असं ठरवलं आहे. नऊ वर्षं झाली, आता पुरे. हिंजवडीतल्या कंपनीचं पत्र आलं आहे. पद माझ्या वयाला शोभेल असं आहे, म्हणजे तिथे बत्तीस वर्षांचा पोरगा मला 'शिरीष, हाऊ आर वी डुइंग?' असं विचारणार नाही. तीस जूनपर्यंत लेखी होकार द्यायचा आणि सप्टेंबरात रुजू व्हायचं. बाणेरच्या फ्लॅटमधला भाडेकरू ऑगस्टमध्ये जातो आहे. सलोनीला तिकडे अकरावीला प्रवेश मिळेल. सगळं जुळून आलं आहे. वीणाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "बघू," म्हणाली. म्हणजे झालंच.

आज विनायककडे जेवायला गेलो होतो. विनायक माझ्याच कंपनीत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मूळ डोंबिवलीचा. त्याला दर वर्षी एक नवं वेड लागतं. गेल्या वर्षी घरात पाव आंबवत होता, त्याआधी बाल्कनीत मधमाश्या पाळणार होता. यंदा ग्रॅव्हल बाइक. ग्रॅव्हल बाइक म्हणजे खडीच्या रस्त्यावरून चालवायची सायकल. चांगला डांबरी रस्ता सोडून माणसाने मुद्दाम खडीवर जायचं. मी वारज्याहून शिवाजीनगरला कॉलेजात जायला सहा वर्षं खडीवरूनच सायकल हाणली. तेव्हा तिला परिस्थिती म्हणायचे. आता तिला इंग्रजी नाव मिळालं आहे आणि वर हेल्मेट.

जूनमध्ये ऑस्ट्रियाला जायचं म्हणे. आल्प्समधलं एक खोरं आहे. चोवीस किलोमीटरचा खडीचा चढ, गाड्यांना पूर्ण बंदी, वर लाकडी लॉजमध्ये एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी खाली. विनायकने टीव्हीवर फोटो लावले. गाई, पाणी, गवत, परत गाई. मी म्हटलं, "दुरून डोंगर साजरे." कोणी हसलं नाही. विनायकची बायको पद्मजा म्हणाली, "वीणावहिनी, तुम्ही पण चला ना." आणि वीणा म्हणाली, "हो, मी येते."

मी बघतच राहिलो. वय पंचेचाळीस. सायकलवरून सुपरमार्केटला जाते आणि स्टेशनला जाते, मान्य आहे. पण डोंगर? या देशात सगळ्यात उंच काही असेल तर ती इथली माणसं.

शनिवार, २८ एप्रिल

काल राजाचा वाढदिवस होता. सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर आपापली अडगळ विकत बसला होता. वीणा त्या अडगळीतून सायकलचे हातमोजे घेऊन आली.

आज त्यांचा पहिला सराव. सपाट देशात डोंगराचा सराव करायचा कुठे? तर गेल्ड्रॉपच्या बाजूला जुन्या कचरा डेपोवर माती टाकून, गवत लावून एक टेकडी केली आहे, तिच्यावर. उच्चशिक्षित मराठी मंडळी शनिवारी सकाळी आठ वाजता हेल्मेट घालून कचरा चढतात. मी थर्मास घेऊन गाडीतून बघायला गेलो. सोबत म्हणून नव्हे, करमणूक म्हणून.

वीणा अर्ध्यात उतरली आणि सायकल हातात धरून चालत वर गेली. वर पोचल्यावर कमरेवर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली. थर्मास टाकून वर पळालो, तर ती म्हणाली, "इथून आपलं गाव दिसतं रे." मी धापा टाकत म्हटलं, "दिसणारच. मध्ये आडवं यायला आहे काय या देशात?" ती खाली गेली आणि परत चढायला लागली. दुसऱ्यांदाही उतरली. त्यानंतरचं मी मोजलं नाही.

रविवार, ६ मे

कालही ती दोनदा उतरली. म्हणून मी आज निर्णय जाहीर केला. मीही ऑस्ट्रियाला येणार, पण सायकलवर नाही, सपोर्ट गाडी घेऊन.

यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. पुण्याहून कोणीही सायकलवर कुठेही निघो, गोवा असो की कन्याकुमारी, मागे टेम्पो असतोच. टेम्पोत केळी, चिक्की, ट्यूब, पंप, आणि दमलेल्याला आडवं व्हायला गादी. आणि कोणी कितीही फुशारक्या मारो, निम्मे लोक गादीवर बसूनच पोचतात. वीणा पाचव्या किलोमीटरला गाडीत येऊन बसणार हे मला आजच दिसतं आहे. तेव्हा गाडी तिथे नको का?

विनायक म्हणाला, "दादा, पण तिथे गाडी अलाउडच नाहीये. तोच तर पॉइंट आहे."

"इतर गाड्या अलाउड नसतील. आपली सपोर्ट गाडी आहे."

"सपोर्ट असली तरी गाडीच ना ती."

पद्मजा म्हणाली, "शिरीषदादांना उंटावरून शेळ्या हाकायच्यात, हाकू दे की." पुन्हा सगळे हसले. वीणाही हसली, पण ती माझ्या बाजूने हसली असावी.

मंगळवार, ८ मे

त्या खोऱ्याच्या पर्यटन कार्यालयाला रीतसर पत्र पाठवलं. आमचा सहा जणांचा सायकल चमू, त्यात तीन महिला सदस्य, पैकी एक नवशिकी, सबब एका सपोर्ट वाहनास विशेष बाब म्हणून प्रवेश मिळावा. गाडीचा नंबर, रंग, माझा फोटो आणि लायसनची प्रत जोडली. विनायकला दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला. त्याच्या पिढीला अर्ज लिहिता येत नाही, त्याला मी काय करू?

वीणा टिलबर्गहून साडेसहाला आली. ती गेल्या सप्टेंबरपासून आठवड्यातून दोन दिवस तिथे एका मालवाहतूक कंपनीत जाते. पुण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची, त्याच्या जोरावर आता कुठल्या गोदामात उद्या किती ट्रक लागतील याचा हिशेब करते. घरी बसून कंटाळली होती, तेवढाच विरंगुळा. मी कधी अडवलं नाही.

गुरुवार, १७ मे

ऑस्ट्रियाचं उत्तर आलं. फारच सभ्य पत्र आहे. तुम्ही येताय याचा आनंद आहे, तुमची कळकळ समजते, खोऱ्यात वाहनांना मुळीच प्रवेश नाही, याबद्दल दिलगीर आहोत, हवा छान असेल.

वीणाला वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, दार बंद केलेलं नाही."

"शिरीष, त्यांनी नाही म्हटलंय."

"लेखी कोणीच हो म्हणत नाही. पत्राचा सूर बघ. समोर गेलं, दोन शब्द बोललं की माणूस विरघळतो."

"मुळीच नाही असं लिहिलंय. मुळीच."

"तसं लिहावंच लागतं त्यांना."

ती म्हणाली, "तुला नाही कसं सांगायचं असतं रे?" मी म्हटलं, मला कशाला सांगायला हवं, मी काय त्यांच्याकडे नोकरी मागतो आहे? ती भांडी लावायला उठली. पत्राचे दोन प्रिंट काढून ठेवले आहेत.

शनिवार, २ जून

पंधरा दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. वीणाने आइंडहोव्हनच्या एका म्हाताऱ्याकडून जुनी ग्रॅव्हल बाइक आणली. ती आता स्वयंपाकघरात उभी असते. मी फ्रीज उघडायला गेलो की हँडल बरगडीत शिरतं. परवा ओट्यावर कोथिंबीर होती आणि तिच्या शेजारी चेन. पंक्चरही स्वतः काढते. सलोनी शेजारी बसून दाखवत होती आणि दोघी डचमध्ये बोलून हसत होत्या. मी विचारलं, काय झालं? सलोनी म्हणाली, "नथिंग, बाबा." इतकं मोठं वाक्य होतं आणि त्याचा अर्थ नथिंग.

सलोनीला म्हटलं, पुण्यात तुला अशी मोकळी सायकल चालवता येणार नाही, आताच हौस भागवून घे. ती चेनवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, हॅव यू इव्हन आस्क्ड मामा?" मी म्हटलं, आईला विचारायचं काय? आईला सगळं माहीत आहे. सोळाव्या वर्षी मुली अशाच बोलतात.

आज टेकडीवर गेलो होतो. वीणा न उतरता वर गेली. एकदा नाही, अकरा वेळा. विनायक ओरडला, "वीणाताई, क्लास!" एप्रिलपर्यंत तो तिला वहिनी म्हणत होता. आता ती ताई झाली. मग मी कोण झालो? विचारलं नाही.

मंगळवार, १२ जून

वीणा आज टिलबर्गहून आली ती चेहरा लाल करून. म्हणाली, "त्यांनी मला पर्मनंटचं विचारलंय. फुल टाइम. सप्टेंबरपासून."

मी म्हटलं, "वा! निघताना चांगलं सर्टिफिकेट मिळालं म्हणायचं."

"मी त्यांना ट्रिपहून आल्यावर सांगते म्हटलं."

"त्यात सांगायचं काय? आपण चाललोय असं कळवून टाक ना. उगीच माणसांना ताटकळत ठेवू नये."

ती ओट्याकडे वळली. मुगाला मोड आले होते, ते धुवायला घेतले. बराच वेळ धूत होती. आता नोकरी सोडायची म्हणजे वाईट वाटणारच, मला समजतं. पण गोदामातले ट्रक मोजायला बाई इथे राहणार आहे थोडीच? राहायचं म्हटलं तर तिला अडचण नाही हेही खरं. तीन वर्षांपूर्वी डच भाषेची परीक्षा देऊन तिने स्वतःचं कायमचं कार्ड मिळवलं. मी परीक्षेला बसलो नाही. मी इथे यंत्रं बनवायला आलो होतो, शेजारणीशी हवामानावर गप्पा मारायला नाही. माझा इथे राहायचा परवाना अजून कंपनीच्या गळ्यात बांधलेला आहे. पण आता त्याचं काय, निघायचंच आहे.

बुधवार, २० जून

उद्या निघायचं. मी सुट्टी घेऊन दिवसभर पुऱ्या केल्या. तिखटमिठाच्या, साठ. पद्मजाने सांगितलं होतं की वर लॉजमध्ये दोन्ही वेळचं जेवण आहे, आपलं काही नको. हे लोक खडी चढून वर जाणार आणि उकडलेलं काहीतरी खाणार. वीणाला चढ लागला की तोंडात तिखट काहीतरी लागतं. सिंहगडावर लागायचं, अजूनही लागत असणार. आईला फोन करून ओवा किती ते विचारलं. आई म्हणाली, सून कुठे आहे? मी म्हटलं, टायरमध्ये हवा भरते आहे.

सलोनी तिच्या मैत्रिणीकडे राहणार आहे. जाताना पुरी खाऊन गेली. म्हणाली, "लेकर, बाबा." लेकर म्हणजे चविष्ट, एवढं डच मला येतं.

शुक्रवार, २२ जून, गाडीत

दुपारचे दोन. मी खोऱ्याच्या तोंडाशी वाहनतळावर पुढच्या सीटवर बसून लिहितो आहे. समोर लाल-पांढरं लाकडी फाटक. फाटकापलीकडे खडीचा रस्ता, त्यावर कोणी नाही.

काल दहा तास गाडी चालवून आलो. रात्री खालच्या गावात मुक्काम केला आणि सकाळी साडेनऊला सगळे इथे जमलो. फाटकाशी एक टपरीवजा चौकी आहे आणि तिच्यात साठीची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक बाई. मी उतरून नमस्कार केला आणि दोन्ही पत्रं पुढे केली. तिने चष्मा लावून दोन्ही नीट वाचली. म्हणाली, "बट दिस लेटर सेज नो."

"येस, येस," मी म्हटलं, "बट नाऊ वी हॅव कम."

पंधरा मिनिटं प्रयत्न केला. नऊशे किलोमीटर सांगितले, वय सांगितलं, महिला सदस्य दाखवल्या. महिला सदस्य तोवर हेल्मेट घालून फाटकाच्या पलीकडे उभ्या होत्या. विनायक जमिनीकडे बघत होता. शेवटी मी डबा उघडून पुढे केला. बाईने एक पुरी घेतली, खाल्ली, "व्हेरी गुड" म्हणाली आणि फाटक उघडलं नाही.

म्हटलं ठीक आहे, तुमचं सामान तरी घ्या, मग कसं नेणार ते बघा. डिकी उघडली. आत माझी बॅग, साठातल्या अठ्ठावन्न पुऱ्या, पंप, आणि वीणाला आडवं होता यावं म्हणून घडी करून आणलेली गादी. दुसरं काहीच नव्हतं. बाकीच्यांचं सामान त्यांच्या सायकलींना बांधलेलं होतं. वीणाच्याही. पुढे एक पिशवी, मागे एक पिशवी, आणि त्यात तिचे रात्रीचे कपडे, ब्रश, थायरॉइडच्या गोळ्या. हे सगळं तिने घरीच बांधलं असणार. मी पुऱ्या लाटत होतो तेव्हा.

"तुला माहीत होतं, गाडी आत सोडणार नाहीत?"

"सगळ्यांना माहीत होतं, शिरीष. मी तुला दोनदा सांगितलं."

"मग मला येऊ कशाला दिलंस?"

"तू यावंस असं मला वाटत होतं." मग तिने सायकल स्टँडला लावली आणि जवळ आली. "पाच किलोमीटरवर एक पूल आहे. तिथपर्यंत चढ नाहीये फारसा. चालत ये ना. मी तिथे थांबते. मला तुझ्याशी बोलायचंय."

"काय ते इथे बोल."

"इथे नको."

बाकीचे ऐकत होते. ती चौकीतली बाईसुद्धा ऐकत होती आणि तिला मराठी येत असल्यासारखी बघत होती. मी म्हटलं, "मी इथे सपोर्टला आलोय. कोणी दमून परत आलं तर गाडीशी माणूस नको?"

विनायकने हळूच विचारलं, "वीणाताई, निघूया?" ते निघाले. वळणापर्यंत सगळे दिसत होते. वीणा शेवटी होती आणि तिने एकदा मागे वळून बघितलं. मग तीही दिसेनाशी झाली.

तेव्हापासून चार तास कोणी दमून परत आलेलं नाही. चार पुऱ्या खाल्ल्या. हवा पत्रात म्हटल्याप्रमाणे छान आहे. दोन म्हातारी माणसं काठ्या टेकत फाटकातून आत गेली आणि मला हात करून गेली. सत्तर वर्षांचे लोक चालत जाताहेत आणि मी गाडी राखतो आहे.

साडेतीन वाजता

हिंजवडीला मेल पाठवून दिला. होकार. फोनवरच दोन परिच्छेद लिहिले. मी, पत्नी आणि कन्या ऑगस्टअखेर पुण्यात येत आहोत. तीस तारखेची वाट कशाला बघायची? निदान एक काम तरी आज तडीस गेलं. यांना खडी उडवू दे.

शनिवार, २३ जून, खालचं गाव

अकरा वाजता परत आले. आधी खडीचा आवाज, मग हसणं, मग माणसं. वीणाचं नाक उन्हाने सोललं होतं आणि पोटऱ्यांना चिखल लागला होता. चोवीस किलोमीटर न उतरता गेली म्हणे. पद्मजा शेवटचे सहा किलोमीटर चालली, वीणा नाही. विनायकने मला तिचा फोटो दाखवला. मागे बर्फ, पुढे ती, तोंड उघडं ठेवून हसते आहे. मी तो फोटो मोठा करून पाहिला. ही बाई अशी हसते हे मी विसरलो होतो, आणि हे मला विनायकच्या फोनमध्ये बघावं लागलं याचा राग आला.

पुऱ्या संपवल्या सगळ्यांनी, उभ्याउभ्याच. वीणाने चार खाल्ल्या. मग म्हणाली, "मी पुलावर तास-दीड तास थांबले होते."

मी म्हटलं, "मला काय माहीत तू खरंच थांबशील?"

"थांबते म्हटलं होतं ना."

बाकीचे पुढे गेले होते म्हणे, तिला नंतर गाठावं लागलं. तो दीड तास मी गाडीत पुऱ्या खाण्यात घालवला ते तिला सांगितलं नाही.

रविवार, २४ जून, न्यूनेन

परतीला गाडी तिने चालवली. कोलोन मागे पडलं तेव्हा म्हणाली, "मी टिलबर्गला हो म्हणणार आहे."

"आणि पुणं?"

"मी येत नाहीये, शिरीष. सलोनीलाही यायचं नाहीये. हे तुला पुलावर सांगायचं होतं. गाडीत नको होतं."

"तू बघू म्हणाली होतीस."

"बघू म्हणाले होते. हो म्हणाले नव्हते. त्यानंतर तू एकदाही विचारलं नाहीस. नऊ वर्षांपूर्वी आलो तेव्हाही नव्हतं विचारलंस, पण तेव्हा मला चाललं."

मग मी सांगितलं की शुक्रवारी होकार पाठवला आहे. तिने आरशात बघितलं, एक ट्रक पुढे जाऊ दिला आणि विचारलं, "आमचाही?"

"तिघांचा."

"किती वाजता?"

"साडेतीन."

"म्हणजे मी तेव्हा नुकती लॉजवर पोचले होते," ती म्हणाली. बाकी काही नाही. मला वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पुढचे दीड तास मी खिडकीबाहेर बघत होतो. मला भीती वाटत होती. कशाची ते लिहायला नको, लिहिल्याने ती खरी होईल.

सोमवार, २५ जून

ऑफिसला गेलो. विनायक म्हणाला, "दादा, पुऱ्या भारी होत्या हां." मी म्हटलं, तुझी खडीही भारी होती. वीणाने टिलबर्गला कळवलं. घरात कोणी कोणावर रागावलेलं नाही. तिने पिठलं केलं होतं.

गुरुवार, २८ जून

सलोनीशी बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "यू कॅन कम फॉर ख्रिसमस." म्हणजे मी पाहुणा होणार हे हिच्या डोक्यात बसलंसुद्धा. मी म्हटलं, बापाशी मराठीत बोल. तर मराठीत म्हणाली, "तू ख्रिसमसला ये." मराठीत ते जास्त लागलं.

शनिवार, ३० जून

हिंजवडीचं स्वागताचं पत्र आलं आहे, फुगे काढलेलं. इथला राजीनामा मी अजून दिलेला नाही. सोमवारी द्यायचा. म्हणजे अजून दोन दिवस सगळं माघारी घेता येतं. हे मी आठवडाभर रोज मोजतो आहे आणि कोणाला बोललेलो नाही.

मी मनाशी ठरवलं होतं की आज वीणा काहीतरी म्हणेल. रडेल, भांडेल, जाऊ नकोस म्हणेल. मग मी थोडे आढेवेढे घेईन, थोडं ऐकवेन, आणि राहीन. हिंजवडीला काय, एक मेल. डचची परीक्षासुद्धा देईन एकवेळ. असं सगळं तयार ठेवलं होतं.

सकाळी चहा झाल्यावर तिने टेबलावर एक कागद ठेवला. घरमालकाच्या ऑफिसचा फॉर्म होता. घराचा भाडेकरार माझ्या नावावरून तिच्या नावावर करायचा. तिचं नाव, जन्मतारीख, टिलबर्गच्या कंपनीचा पत्ता, सगळं तिने नीट भरलेलं होतं. तिचं अक्षर पहिल्यापासून सुरेख. खाली दोन सह्यांच्या जागा. तिची झालेली होती.

मी पेन हातात घेतलं. तेव्हा ती समोरच्या खुर्चीवर बसली, हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "शिरीष, एक विचारू? खरं सांग. तुला राहावंसं वाटतं का?"

विचारलं. तिने सरळ विचारलं. मी तिच्या जागी असतो तर मला विचारायला जमलं नसतं. उत्तर आठवडाभर माझ्या तोंडाशी होतं.

आणि मी म्हटलं, "इथे राहून काय करू? दर वाढदिवसाला या डच लोकांसारखं खुर्च्यांचा गोल करून बसू आणि केकच्या एकाच तुकड्यावर तीन तास काढू?"

वीणा हसली. माझ्या बोलण्याला ती नेहमीच हसते. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदर नसल्यामुळे हाताच्या पालथ्या बाजूने पुसलं. "तेही खरंच," म्हणाली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही केली. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि सायकल घेऊन गेली. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, चार मिनिटांची वाट.

मला हो म्हणायचं होतं. ती निघून पंचवीस मिनिटं झाली आहेत.